भाऊसाहेबांची प्रसिद्ध कंबर

आमच्या खामगावात माणसाला ताप आला तर तो डॉक्टरला विचारतो, दात दुखला तरी विचारतो. कंबर दुखली की मात्र तो सांगायला येतो. "म्याडम, मणक्यात ग्याप आला." "नसेवर नस चढली." "चौथी आन् पाचवी गादी सरकली." निदान घरून डब्यासारखं बांधून आणलेलं असतं. आपण फक्त झाकण उघडायचं आणि छान झालंय म्हणायचं.

मी फिजिओथेरपिस्ट. हा शब्द आमच्याकडे कोणी पूर्ण उच्चारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. जे यंत्र ज्याला लावलं त्यावरून माझं नाव पडलं. कोणासाठी मी शेकवाल्या म्याडम, कोणासाठी करंटवाल्या. सासूबाई मात्र शेवटपर्यंत पाहुण्यांना "आमची सून मालिश करते" असं सांगत आणि पाहुणे माझ्याकडे दयेने बघत. क्लिनिक कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. कंबरदुखीच्या लोकांसाठी जिन्यावर दवाखाना काढणारी बाई म्हणून माझी थट्टा व्हायची. मी म्हणायचे, जिना चढून वर आलात म्हणजे अर्धा इलाज झाला. काहींना ते पटायचं, बाकीचे खालूनच हात जोडून परत जायचे. आता तो जिना मलाच जड जायला लागला, म्हणून क्लिनिक एका तरुण मुलीच्या हाती देऊन मी दुपारी दिवाळी अंकासाठी हे लिहायला बसले आहे.

आधी त्या ग्यापचं सांगून टाकते, कारण या एका शब्दाने निम्मा जिल्हा अंथरुणावर पाडला आहे. एक्स-रेमध्ये दोन मणक्यांच्या मध्ये मोकळी जागा दिसते. दिसायलाच पाहिजे. तिथे गादी असते, आणि गादी एक्स-रेत दिसत नाही. म्हणजे ज्याला ग्याप आहे त्याचं उत्तम चाललेलं आहे. काळजी करायचीच असेल तर ग्याप नसलेल्याने करावी. हे मी आयुष्यभर सांगितलं. लोक ऐकून घेत, मान हलवत आणि जाताना विचारत, "तं म्याडम, ग्याप भरासाठी काही गोळी?"

नसांचं प्रकरण थोडं वेगळं आहे. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू मणक्यांच्या पोकळीतून खाली येतो आणि कमरेच्या वरच्या अंगालाच संपतो. तिथून खाली सुट्या नसांचा जुडगा लोंबत असतो. वैद्यकातल्या जुन्या लोकांनी त्याला घोड्याचं शेपूट असं नाव देऊन ठेवलं आहे, आणि ते दिसतंही तसंच. त्यातली एकेक जोडी एकेका मणक्यापाशी उजवी-डावीकडे बाहेर पडते आणि आपापल्या गावाला जाते. एक पायाच्या अंगठ्यापर्यंत, एक टाचेपर्यंत. बाहेर पडताना कमरेपाशी नस दाबली गेली की कळ मात्र त्या शेवटच्या गावात उठते. म्हणून दुखणं पोटरीत आणि दोष कमरेत, असा प्रकार होतो. जुडग्यातल्या अगदी आतल्या, शेवटच्या काही नसा पायाकडे फारशा जात नाहीत. त्या जातात लघवीच्या पिशवीकडे, संडासच्या जागेकडे आणि आपण ज्यावर बसतो त्या भागाकडे. त्यांचं नाव चारचौघांत कोणी काढत नाही. दुखल्या तर माणूस सांगत नाही, आणि बाई तर नाहीच नाही.

गादी "सरकते" हाही असाच एक गैरसमज. तो मी ज्यांना पहिल्यांदा नीट समजावून सांगू शकले ते मन्सूरभाई. त्यांचा धंदाच गाद्या भरण्याचा. कापसाच्या गावात तीन पिढ्यांचं दुकान. उजव्या पायात कळ घेऊन ते आले होते. मी सांगितलं, "मन्सूरभाई, गादी सरकत नाही. तिचं बाहेरचं कवच फाटतं आणि आतला मऊ भाग बाहेर येऊन नसेला टेकतो."

त्यांनी थोडा विचार केला. "मतलब कापूस बाहेर आला."

"हो."

"शिवण कच्ची होती म्हना." मग छताकडे पाहून म्हणाले, "त्यानं बनवली, त्याले काय बोलाव."

बाहेर आलेला तो भाग बहुतेकांचा आपोआप सुकतो, आकसतो. थोडं चालायचं, थोडा व्यायाम करायचा आणि धीर धरायचा. मन्सूरभाईंनी तिन्ही केलं आणि काही महिन्यांत ते परत गाद्या उचलायला लागले. अशा पेशंटवर कोणी लेख लिहीत नाही. बरा झालेला माणूस कंटाळवाणा असतो.

लेख लिहावा असे पेशंट म्हणजे भाऊसाहेब.

भाऊसाहेबांचं संग्रामपुरात कृषी केंद्र. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने भरलेले, मिशा राखलेल्या. एकदा खताचं पोतं सरकवताना त्यांच्या कमरेत उसण भरली. तुमच्या-माझ्या कमरेत भरते तशीच. पण आपली चार दिवसांत जाते. भाऊसाहेबांची गेली नाही, कारण तिला जायला कोणी सवडच दिली नाही. एका डॉक्टरांनी फोटो पाहून "मणक्याची झीज" म्हटलं. दुसऱ्यांनी "आता जन्मभर वाकू नका" म्हटलं. तिसऱ्यांनी नुसतं "अरेरे" म्हटलं, आणि त्याची भाऊसाहेबांना सर्वांत जास्त भीती बसली. मग पट्टा आला. पट्ट्यावरून शाल आली. दुकानात नोकर बसला आणि भाऊसाहेब घरी बाजेवर बसले.

बाकीचे इलाजही झाले. कमरेवर बिब्ब्याच्या चटक्यांची नक्षी होती. आमच्याकडे पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाची लाथ कमरेला लागली की उसण उतरते अशी समजूत आहे. भाऊसाहेबांचे तालुक्यातले बहुतेक पायाळू वापरून झाले होते. एका सज्जनाला इतक्या मोठ्या माणसाला लाथ मारायचा संकोच वाटला, तर भाऊसाहेबांनी त्याला रागावून सांगितलं की, "जोरात मार, नाई तं गुन येत नाई."

एवढं होऊन ते माझ्याकडे आले. सोबत एमआरआयच्या फिल्मा. लग्नाचा अल्बम दाखवावा तशा ते त्या दाखवत, आणि कोणता फोटो कधीचा हे सांगत. मी त्यांना सांगितलं की चाळिशीनंतर केस पांढरे होतात तशी प्रत्येकाची गादी थोडी सुकते. दुखत नसलेल्या माणसाचा फोटो काढला तरी त्यात हेच दिसेल. ते त्यांना अजिबात आवडलं नाही. इतक्या खर्चाच्या दुखण्याला कोणी केस पांढरे होणं म्हणावं, हा अपमान होता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते. भाऊसाहेब खोटं बोलत नव्हते. त्यांना दुखतच होतं. जुनाट दुखण्यात असं होतं की जखम कधीच भरलेली असते, पण नसा आणि मेंदू यांना सावध राहण्याची खोड लागते. चोर गेल्यावरही कुत्रं रात्रभर पानाच्या सळसळीवर भुंकतं, तसं. त्यावर औषध म्हणजे रोज थोडी हालचाल वाढवणं आणि भीती कमी करणं. पण घरात भीतीला मान होता. भाऊसाहेब "आई गं" म्हणाले की चहा येत असे. कण्हले की पाहुणे उठून जात. शेतीच्या वाटणीचा विषय निघाला की कळ थेट पायापर्यंत जात असे. असलं फलदायी दुखणं मी रबरी पट्ट्याच्या व्यायामाने कसं घालवणार?

त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी येत, सुमनबाई. बारीक चणीच्या, कपाळाला मोठं कुंकू, हातात सगळं सामान. पट्टा, उशी, पाण्याची बाटली, फिल्मांची पिशवी. भाऊसाहेबांना "कसं आहे?" विचारलं की उत्तर त्याच द्यायच्या. "काल उजवीकून दुखलं ह्यायचं. राती तेल लावलं तं जरासक डोळा लागला." किती महिने त्या येत होत्या, पण त्यांच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल मी त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता.

त्या दिवशी भाऊसाहेब नवी फिल्म घेऊन आले. मी म्हटलं, आता ही कशाला काढलीत?

"चार-पाच दिवसांमागं न्हानीत बसलो होतो," ते म्हणाले. "उठाच्या वक्ती कट्‌कन आवाज झाला. साफ ऐकू आला. म्हटलं, गादी गेली. दुसऱ्याच दिवशी एमआरआय करून घेतला."

फिल्म पाहिली. आधीच्यांची सख्खी बहीण. नवीन काहीच नव्हतं. मी तसं सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. "पन आवाज तं झाला ना म्याडम." मग त्यांनी ट्रॅक्शन लावायला सांगितलं. ट्रॅक्शन म्हणजे टेबलावर झोपवून छातीला आणि कमरेला पट्टे बांधायचे आणि यंत्राने हळूहळू ओढ द्यायची. त्याचा मला फारसा भरवसा नाही, पण ओढल्याशिवाय इलाज झाल्यासारखं भाऊसाहेबांना वाटत नसे. मी त्यांना बांधलं आणि यंत्र सुरू केलं.

तेवढ्यात सुमनबाई बाथरूमकडे गेल्या. आल्यापासून बहुधा तिसऱ्यांदा. भिंतीला हात लावत चालल्या होत्या. बाथरूमच्या उंबऱ्याशी त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटली आणि मागे राहिली. त्या तशाच पुढे गेल्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. थांबल्या नाहीत, वळून पाहिलं नाही. परत येतानाही त्या चप्पलेवर पाय देऊन आल्या आणि त्यांना ते कळलं नाही.

मी विचारलं, "सुमनताई, चप्पल कुठं गेली?"

त्यांनी खाली पाहिलं. "अगंबाई. कवा निंगाली?"

मी त्यांना पडद्यापलीकडच्या दुसऱ्या टेबलावर घेतलं. त्या म्हणत होत्या, "माहं काई नाई हो म्याडम, तुमी ह्यायचं पाहा." टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाय हलला पाहिजे, दोन्ही हलले नाहीत. डावा अंगठा वर उचलता येईना. मग मी आवाज उतरवून विचारलं, "पाटावर बसलं की खाली कसं लागतं?"

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "बसल्याचं समजतच नाई. दुसऱ्याचं आंग असल्यावानी वाटते."

मी कापसाचा बोळा घेतला. डोळे मिटायला सांगून मांडीच्या आतल्या बाजूला, बैठकीच्या भागाला टेकवत गेले आणि विचारत गेले, कळतं का? "नाई." इथं? "नाई." इथं? त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुखत होतं म्हणून नाही. आपल्या अंगाचा एवढा भाग आपल्याला सोडून गेलाय, हे त्यांना माझ्याबरोबरच तेव्हा कळत होतं.

"लघवी कधी झाली?"

"काल सांजच्याले जराशी. आता जातो, बसतो, थेंब-थेंब येते. आली का नाई थे बी समजत नाई." ओटीपोट फुगून टणक झालं होतं.

पडदा कापडाचा होता. पलीकडून आवाज आला, "आमच्या भागातलं पानी खारं हाय म्याडम. लघवीचा तरास घरोघरी हाय. किडनीच्या डॉक्टरले दाखवतो म्हटलं तिले, दिवाळी होऊ द्या." बोलणं खोटं नव्हतं. संग्रामपूरकडे खाऱ्या पाण्याने किडन्या गेलेली माणसं गावोगाव आहेत. म्हणूनच तर कोणाला वेगळी शंका आली नाही.

मी सुमनबाईंना विचारलं, "हे कधीपासून? काही उचललं होतं का?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "त्याच दिशी. न्हानीत. हे म्हने, मले वाकू नको देजो. मंग म्याच वाकली आन् ह्यायले बगलेत धरून उठवलं. तवा माह्या कंबरीत कट्‌कन झालं."

पलीकडे ट्रॅक्शनचं यंत्र गुरगुरत होतं. तिकडून भाऊसाहेब म्हणाले, "मले वाटलं, माह्याच कंबरीत झालं."

तर असं होतं. गादी बायकोची फाटली आणि एमआरआय नवऱ्याचा निघाला. मी पुष्कळ विनोदी माणसं पाहिली, पण इतका खर्चिक विनोद कोणी केला नव्हता.

मी यंत्र बंद केलं, पण पट्टे सोडले नाहीत. आधी मला त्यांना ऐकवायचं होतं आणि ते कुठे जाऊ नयेत असं वाटत होतं. मी सांगितलं की गादीचा मोठा तुकडा सुटून मधल्या पोकळीत पडला असावा. तो एका नसेवर नाही, सगळ्या जुडग्यावर बसला आहे. कमरेच्या बहुतेक दुखण्यांत घाई नसते, या एकाच दुखण्यात असते. आज ऑपरेशन झालं तर नसा परत येण्याची आशा आहे. उशीर झाला तर लघवीची नळी आणि प्लास्टिकची पिशवी जन्मभर अंगाला बांधून फिरावं लागेल.

"आजच?" भाऊसाहेब म्हणाले. "पन उद्या सकाळी पायाळू बलावला हाय. कंबर धरून चालते, म्हून हिच्यासाठीच."

त्यांनी बायकोसाठी केलेली ती पहिली वैद्यकीय व्यवस्था होती. ज्या कमरेत नसांचा जीव टांगलेला, तिच्यावर दुसऱ्या दिवशी लाथ पडणार होती. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दिवाळी अंक घरातली मुलंही वाचतात.

पण खरी अडचण भाऊसाहेब नव्हते. सुमनबाईच टेबलावरून उतरायला लागल्या. "आज कसं जमन म्याडम? म्हैस दुभती हाय. माह्याबिगर कोनाले हात लावू देत नाई. ह्यायच्या गोया हायेत, तेल हाय. पोरगी सासरी. दोन दिस मांगंपुढं झालं तं काय होते?"

मी त्यांचा हात धरला. "सुमनताई, दोन दिवसांनी तुम्हाला लुगडं ओलं झालेलंही कळणार नाही. मग म्हैस कोण पाहील आणि तुम्हाला कोण पाहील?"

त्या बसून राहिल्या. मग पडद्याकडे तोंड करून, पहिल्यांदाच जरा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलं का? जा लागते म्हन्ते म्याडम."

शेजारच्या प्रसूतिगृहातून सिस्टरला बोलावून लघवीसाठी नळी घातली. नळीची पिशवी बघता बघता भरली, आणि सुमनबाईंनी इतका लांब श्वास सोडला की मला माझाच श्वास आठवला. अकोल्याच्या मणक्याच्या सर्जनना फोन केला. "लगेच पाठवा," एवढंच ते म्हणाले. सरकारी अँब्युलन्स अपघाताला गेली होती. भाऊसाहेबांची गाडी खाली उभी होती, पण तिच्या मागच्या सीटवर त्यांच्या कमरेसाठी सुताराकडून सागवानी फळी करून बसवलेली. त्यावर दुसऱ्या कोणाला टेकायची सोय नव्हती, आणि सुमनबाईंना बसवायचंच नव्हतं.

रस्त्यापलीकडे मन्सूरभाईंचा टेम्पो गाद्या भरून उभा होता. लग्नाची ऑर्डर होती. मी खिडकीतून हाक मारली आणि दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, "नव्या कोऱ्या हायेत. आना बाईले, टाका. लग्न काय, जुन्या गादीवर बी लागते."

सागवानी फळी उपसून वर आणली आणि सुमनबाईंना तिच्यावर आडवं केलं. खालच्या कापड दुकानातले दोन सेल्समन आणि मन्सूरभाई, तीन कोपरे झाले. चौथ्याशी भाऊसाहेब उभे होते, पट्टा बांधलेला, हात पट्ट्यावर.

"मले वजन उचलाले मनाई हाय," ते हळू म्हणाले.

सुमनबाई फळीवरून म्हणाल्या, "राहू द्या, ह्यायले तरास होते. मी उतरतो जिना."

त्या सरळ मनाने म्हणाल्या होत्या. टोमणा असता तर भाऊसाहेबांनी तो परतवला असता. ते वाकले, चौथा कोपरा धरला आणि जिना उतरले. टेम्पोत मन्सूरभाईंशेजारी एक सीट होती. भाऊसाहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मागे चढले आणि गाद्यांवर बायकोच्या डोक्याशी मांडी घालून बसले. लघवीची पिशवी कोणीतरी खाली धरून ठेवायला हवी होती, ती त्यांनी धरली. मन्सूरभाई नंतर म्हणाले, "अकोल्यालोक आरशात पाहून राह्यलो होतो. मान्साची कंबर दुखत असती तं असा बसला नसता. आन् बसला तं रडला नसता."

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. सर्जननी फोनवर सांगितलं, गादीचा भला मोठा तुकडा निघाला, पेशंट वेळेत आला म्हणून बरं. नसा हळू बऱ्या होतात. लघवीचं कळायला काही आठवडे लागले. बैठकीची संवेदना पुष्कळशी आली, एक ठिगळ राहिलं ते राहिलंच. डावं पाऊल पूर्ण उचलत नाही, त्याला प्लास्टिकचा आधार लावून चालावं लागतं. डॉक्टरांच्या भाषेत हा चांगला निकाल. सुमनबाईंच्या भाषेत, "चालते."

लेक आली, थोडे दिवस राहिली, परत गेली. मग घरात बाजेवर सुमनबाई आणि उभे भाऊसाहेब, असा देखावा झाला. एके दिवशी भाऊसाहेबांचा फोन आला. "म्याडम, मले वाकून दूध काढता येईन का?"

मी म्हटलं, "थोडा वेळ बसा. दुखलं तर घाबरू नका, दुखणं म्हणजे मोडणं नाही. उद्या थोडा जास्त वेळ बसा."

हेच मी त्यांना पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. फरक इतकाच की माझ्याकडे म्हैस नव्हती. म्हैस मान हलवून खोटं "हो" म्हणत नाही. वेळेवर बसला नाहीत तर हंबरून गाव गोळा करते. मग भाऊसाहेब झाडायला लागले, पाणी भरायला लागले, भाकरी थापायलाही शिकले. भाकरीचा आकार संग्रामपूर तालुक्याच्या नकाशासारखा यायचा, असं सुमनबाई सांगत.

माझ्या धंद्यातली एक खंत इथेच सांगते, कारण नंतर कोणी विचारणार नाही. माझ्या बाकावर बायका कायम असायच्या, पण सोबतीला आलेल्या. नवऱ्याची, सासऱ्याची, मुलाची पिशवी मांडीवर घेऊन. कंबर त्यांचीही दुखत असणार, वाकून तर सगळं त्याच करतात. पण पुरुषाची कंबर दुखली की ती घराची बातमी होते आणि बाईची दुखली की ती बाईची सवय होते. आम्ही शिकलेले लोकही टेबलावर झोपलेल्यालाच पेशंट म्हणतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, लघवीबद्दल विचारा. कोणाला विचारा, ते नसतं लिहिलेलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती दोघं तपासणीला आली. सुमनबाई कठडा धरून स्वतः जिना चढल्या. पिशव्या भाऊसाहेबांच्या हातात. बाकावरच्या लोकांना ते सांगत होते, "आमच्या ऑपरेशनच्या वक्ती डॉक्टर म्हने, एक दिस उशीर केला असता तं खेळ खलास होता. म्या तडक टेम्पो काढला." ते ऐकून एक आजोबा त्यांना स्वतःच्या मणक्याबद्दल सल्ला विचारायला लागले, आणि भाऊसाहेबांनी तो दिलाही.

आत मी सुमनबाईंचं पाऊल तपासलं. अंगठा थोडासा वर येत होता, मागच्या वेळेपेक्षा जास्त. मी तसं म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या मनात दुसरंच काही होतं. दाराकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, "म्याडम, एक इनंती हाय. ह्यायले कंबर कशी हाय, असं इचारू नका."

"का?"

"लय दिस झाले, नावच नाई काढलं ह्याइनं. इसरले वाटते. तुमी इचारलं का आठवन, मंग परत बाजेवर पडतीन."

तेवढ्यात भाऊसाहेब आत आले. माझ्या तोंडात तोच प्रश्न होता. आयुष्यभर दुसरा प्रश्न कोणाला विचारलाय कुठे? मी तो गिळला आणि म्हटलं, "म्हैस काय म्हणते?"

भाऊसाहेब खुलले. म्हैस व्याली होती, पारडी झाली होती. पहिल्यांदा लाथा मारायची, आता त्यांच्या आवाजानेच पान्हा सोडते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. सांगता सांगता ते जमिनीवर उकिडवे बसले, बायकोचा पाय मांडीवर घेतला आणि तो प्लास्टिकचा आधार पावलाला बसवून पट्ट्या आवळायला लागले. पाठीची पार कमान झाली होती. पारडीच्या कपाळावर पांढरा ठिपका कसा आहे, ते वर न पाहता सांगत होते.

त्यांच्या डोक्यावरून सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.